हबशी सेनापती आणि रयतेचा वाटा
(जळगाव येथील व्याख्यानाचा लेखी मसुदा)



आफ्रिकेतील लष्करी अधिकाऱ्याचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी माणसाला युगांडाचा इदी अमीन किंवा काँगोचा मोबुतू आठवतो. छावणीतून निघून राजवाड्यात शिरलेला आणि देश धुऊन नेणारा सेनापती, असे त्याचे ठरीव चित्र आपल्या मनात असते. परंतु अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, म्हणजे खानदेशाच्या अगदी दाराशी, पाव शतक सत्ता चालविलेला एक आफ्रिकी सेनापती होऊन गेला, याचा आपल्याला विसर पडतो. त्याचे नाव मलिक अंबर. त्याच्या लढायांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. येथे प्रश्न वेगळा आहे: तलवारीच्या बळावर वर आलेल्या या माणसाने नांगर धरणाऱ्याच्या पदरात काय टाकले?

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि मोखा, बगदाद अशा बाजारांतून हातोहात फिरत दख्खनेत पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी आणि एकेकाळचा गुलाम होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. काही वर्षे त्याने विजापुरात चाकरी केली आणि १५९५ च्या सुमारास दीडशे स्वारांनिशी तो निजामशाहीत परतला. १६०० मध्ये चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असे सर्वांनी धरले असता अंबराने परांड्यास मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले, आणि कारभार आपल्या हाती घेतला. १६१० पर्यंत त्याने अहमदनगर परत मिळविले. त्या सुमारास इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने त्याच्या फौजेचा अंदाज दिला आहे: दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी. या दख्खनी फौजेचा कणा म्हणजे मराठा घोडदळ. मालोजी आणि शहाजी भोसले याच फौजेत वाढले. समोरासमोरची लढाई टाळावी, रसद तोडावी, रात्री छापे घालावेत, ही गनिमी काव्याची रीत अंबराने राज्याचे युद्धशास्त्र म्हणून राबविली.

खानदेशाला अंबराची ओळख झाली ती याच रूपात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकी राजवटीचा शेवट झाला. पुढे बुऱ्हाणपूर हा मोगलांच्या दक्षिण मोहिमांचा मुख्य तळ बनला. १६२० मध्ये अंबराच्या फौजांनी मोगलांना घाटाखाली रेटत बुऱ्हाणपुरापर्यंत आणले, शहराला वेढा दिला आणि नर्मदा ओलांडून मांडूच्या आसमंतापर्यंत धडक मारली. दरबाराला तो इतका सलत होता की त्याच्या छाटलेल्या शिरावर बाण सोडतानाचे आपले चित्र जहांगीराने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शीर कधीच त्याच्या हाती लागले नाही. परंतु रसद तोडायची म्हणजे ती कोणाची, हेही विचारले पाहिजे. छावणीतले धान्य तापीकाठच्या शेतांतून जात होते, आणि दोन्ही बाजूंचे घोडे त्याच पिकांवर पोसले जात होते. अंबराचे गुणगान करताना खानदेशाने हा हिशेब विसरण्याचे कारण नाही.

आता जमाबंदीकडे वळू. अबुल फजलच्या ऐन-ई-अकबरीत नोंद आहे की असीरगड घेतल्यावर खानदेशचा सारा पन्नास टक्क्यांनी वाढविण्यात आला. जमीन तीच, पाऊस तोच, बैल तेच. वाढला तो फक्त वसुलाचा आकडा. जवळपास त्याच काळात घाटापलीकडे अंबराने उलट्या टोकाने सुरुवात केली. सतत लढाई चालू ठेवणाऱ्या राज्यकर्त्याला पैसा तातडीने हवा असतो. महसुलाचा मक्ता देऊन रोकड उचलणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. अंबराने मक्त्याचीच पद्धत मोडली. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की अंबराने वसुलाचे काम ब्राह्मण कारकुनांकडे आणि त्यांवरील देखरेख मुसलमान अंमलदारांकडे सोपविली, मोडकळीस आलेली गावव्यवस्था पुन्हा उभी केली, आणि प्रत्यक्ष पिकाचा माफक हिस्सा धान्यात घेण्यास प्रारंभ केला. काही हंगामांचा अनुभव गाठीशी आल्यावर त्या धान्याची रोख रक्कम ठरली, आणि तीही दरसालच्या लागवडीप्रमाणे. इंग्रजी अमदानीतील महसुली अधिकाऱ्यांना दख्खनेत आढळलेल्या परंपरेनुसार धान्यातला हिस्सा दोन पंचमांश होता, तर रोख धारा सुमारे एक तृतीयांश पडे.

दोन पंचमांश हा काही हलका भार नव्हे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दराइतकीच पद्धतीत आहे. मक्तेदाराची मुदत एकदोन सालांची असते, म्हणून गाव उजाड झाले तरी त्याचे काही बिघडत नाही. पिकाशी बांधलेल्या धाऱ्यात मात्र पीक बुडाले तर सरकारचाही वाटा बुडतो. रयतेची जोखीम राज्य वाटून घेते. वीस-पंचवीस वर्षे मोगली साम्राज्याशी झुंजणाऱ्या एका लहान राज्याला बळ कोठून मिळाले, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे.

खानदेशाला अशी शिस्तीची जमाबंदी लाभण्यास १६५० नंतरचे दशक उजाडावे लागले. औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना मुर्शिद कुलीखानाने मोजणी केली, कोरडवाहू पिकाला निम्मा आणि विहिरीच्या बागायतीला एक तृतीयांश असे दर बांधले, आणि बैल-बियाण्यांसाठी तगाई दिली. मधल्या काळात, १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने हा मुलूख ओसाड करून टाकला होता.

अंबराच्या कर्तबगारीची मर्यादाही सांगितली पाहिजे. गुलामीतून तो वर आला, पण गुलामीची प्रथा त्याने हटविली नाही. त्याच्या फौजेसाठी हबशी गुलामांची खरेदी चालूच राहिली. एक माणूस शिडी चढून गेला म्हणून शिडीखालच्यांची स्थिती पालटत नाही. सत्ता त्याच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती, आणि तेथेच ती ढासळली. १६२४ मध्ये भातवडीस मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा त्याने पराभव केला, १६२६ मध्ये तो वारला, आणि १६३३ मध्ये त्याचाच मुलगा फत्तेखान याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. १६३६ मध्ये निजामशाही संपली.

टिकली ती धाऱ्याची रीत. शिवाजी महाराजांच्या काळीही मक्तेदारी बंद करून मोजणीवर सारा बांधला गेला, आणि तेथेही परंपरा दोन पंचमांशाचाच आकडा सांगते. अंबराने वसविलेल्या खडकीचे पुढे फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. खुलदाबादेस त्याची कबर आहे.

मोगल बखरकार मुतमदखान याने शत्रू असूनही लिहून ठेवले की युद्धात, न्यायबुद्धीत आणि कारभारात या हबशाला जोड नव्हती. त्यातले युद्धाचे कौतुक दरबारांनी करावे. कापूस आणि केळी पिकविणाऱ्या, दरसाल पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या खानदेशाने मात्र कोणत्याही राज्यकर्त्याला, मग तो वर्दीतला असो वा खादीतला, एवढेच विचारावे: पीक बुडाले त्या साली तुझा वाटा किती कमी झाला?