दगडाची पूड घातली की धातू मजबूत होतो का?

आज मी बोलतोय अड्याळहून. भंडारा-पवनी रस्त्यावरचं हे माझं गाव. घरच्या ओसरीत बसूनच रेकॉर्डिंग करतोय, त्यामुळे मध्येच कोंबडा आरवला तर समजून घ्या.

आजचा प्रश्न साधा आहे. धातूत खनिजाचे कण मिसळले तर तो मजबूत होतो का? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझं प्रोजेक्ट यावरच होतं, आणि त्यात मी चांगलाच तोंडावर आपटलो होतो.

भंडारा म्हटलं की लोकांना पितळेची भांडी आठवतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दोन्ही वितळतात, एकजीव होतात. तो झाला मिश्रधातू. पण आपल्याच जिल्ह्यात, लाखनी तालुक्यातल्या पोहऱ्याला, सिलिमनाइट नावाचं खनिज सापडतं. भयंकर उष्णता सोसतं, म्हणून ते भट्टीच्या विटांसाठी वापरतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात सिलिमनाइटची पूड टाकली तर कण वितळत नाहीत, तसेच राहतात. मातीच्या भिंतीत तणस घालतो ना, तसं. माती माती राहते, तणस तणस राहते, पण भिंत बदलते. याला म्हणतात कंपोझिट.

आणि ही कल्पना काही फक्त परदेशातली नाही बरं का! १९६८ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये एस. रे यांनी वितळलेलं ॲल्युमिनियम ढवळत त्यात ॲल्युमिनाचे कण मिसळले. ‘स्टर कास्टिंग’ म्हणजे ढवळून ओतकाम, ते तिथून पुढे वाढत गेलं.

आता कणांमुळे ताकद का वाढते? धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. कडक कण त्या वाटेत आडवा येतो. शिवाय ओढ बसली की थोडा भार तो स्वतःवर घेतो. पण एका अटीवर: कण आणि धातू एकमेकांना घट्ट चिकटलेले पाहिजेत.

ही अट आम्ही विसरलो. पाच टक्के पूड घातली, कठीणपणा वाढला. आम्ही खूश! मग म्हटलं, पंधरा टक्के घालू. कठीणपणा आणखी वाढला. पण तीच सळई ओढून तोडायच्या मशीनवर लावली, तर साध्या ॲल्युमिनियमपेक्षा आधी तुटली. न ताणता, खडूसारखी कट्कन.

तुटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जागोजागी कणांच्या गुठळ्या आणि बारीक भोकं. झुणक्यात बेसन एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि आतलं पीठ कोरडं राहतं, अगदी तसंच. गुठळीत धातू शिरलाच नव्हता. तडा तिथूनच सुरू झाला.

वितळलेलं ॲल्युमिनियम अशा कणांना सहजासहजी ओलं करत नाही. म्हणून थोडं मॅग्नेशियम घालतात. पूड आधी तापवून तिच्यातला दमटपणा घालवतात. ती हळूहळू सोडतात. ॲल्युमिनियमची घनता २.७, सिलिमनाइटची साधारण ३.२, म्हणजे ढवळणं थांबलं की कण तळाशी बसायला लागतात. म्हणून ओतायलाही उशीर चालत नाही. आणि हो, हे घरी करू नका! वितळलेल्या धातूत दमट पूड पडली तर धातू अंगावर उडतो.

खरी परीक्षा पुढे होती. माझा पार्टनर म्हणाला, “रिपोर्टात फक्त कठीणपणाचा आलेख देऊ, तो मस्त वर जातोय.” खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. मार्कांचा प्रश्न होता. आमच्या सरांनी तुटलेली सळई टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, “हा पार्ट तुझ्या बाबांच्या गाडीत बसवशील?”

आम्ही दोन्ही आकडे लिहिले.

मग हे कंपोझिट निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पटियाळ्याच्या थापर संस्थेतल्या संशोधकांनी एलएम ३० या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिमनाइटचे जाड आणि बारीक कण एकत्र वापरून झीज तपासली आहे. घासून झिजणं कमी होतं, म्हणून ब्रेकच्या भागांसाठी याचा विचार होतो. म्हणजे घासणारं काम असेल तर फायदा. ओढ किंवा धक्का बसणारं काम असेल तर आधी ओढून बघा.

तेव्हा पोट्टेहो, आयटीआयत असा की इंजिनिअरिंगला, कुणी म्हणालं “आमचं मटेरियल स्ट्राँग आहे”, तर लगेच विचारा: कशात स्ट्राँग? दाबण्यात, ओढण्यात की घासण्यात? आणि तुटलं तेव्हा आत काय दिसलं?

ती सळई अजून माझ्या टेबलावर आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!