सालाझारचा हुकूम



सीमेवर काही घडलं की खामगावचा बाजार असो की मेहकरचं एसटी स्टँड, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘एकदाचं घुसा आणि मोकळे व्हा!’ असं बोलणाऱ्याला मी हसत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले; एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. संताप येणारच. पण समोर हुकूमशहा असला की घुसण्याचा हिशेब कसा अवघड होतो, ते गोव्याच्या बाबतीत नीट दिसतं.

१९३२ पासून पोर्तुगाल मुठीत ठेवणारा सालाझार गोव्याला वसाहत म्हणायलाच तयार नव्हता. तो म्हणे पोर्तुगालचाच भाग! गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासणीतून सुटत नसे. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसं मेली. नेहरूंनी फौज तर धाडली नाहीच, उलट सत्याग्रहच थांबवायला लावला. महाराष्ट्रानं त्यांना त्याबद्दल कमी बोल लावले नाहीत. पोर्तुगाल नाटोचा सदस्य, आणि जगाला शांतता सांगणाऱ्यानं आपणच तोफा काढायच्या कशा, हा त्यांचा पेच खरा होता. तरी गोव्याच्या तुरुंगात खितपत पडलेल्यांना त्यानंतरची सहा वर्षं फार लांब गेली, असं माझं मत आहे.

अखेर १८ डिसेंबर १९६१ ला फौजा शिरल्या. सुरक्षा परिषदेतला युद्धबंदीचा ठराव रशियाच्या नकाराधिकारानं पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोवा आपला.

छत्तीस तासांत काम फत्ते, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यामागची एक गोष्ट मात्र सांगायची राहते. सालाझारनं लिस्बनहून हुकूम सोडला होता : शरणागती नाही, जिंका नाहीतर मरा. आपली माणसं किती मरतील, याची त्याला फिकीर नव्हती. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांच्याकडे तीन-साडेतीन हजार सैनिक, आणि समोर आपलं कितीतरी मोठं बळ. त्यांच्या माणसांनी काही पूल उडवले, थोडा प्रतिकार झाला. पण हकनाक रक्त सांडायचं त्यांनी नाकारलं आणि शरणागती पत्करली. आपले बावीसेक जवान गेले. हुकूम अक्षरशः पाळला गेला असता, तर हा आकडा कुठे गेला असता?

सालाझारनं त्या माणसाला सैन्यातून बडतर्फ केलं. १९७४ मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली, तेव्हा कुठे त्यांची अब्रू परत मिळाली. गोवा भारताचा असल्याचं पोर्तुगालनं मान्य केलं, तेही त्यानंतरच.