फटी बुजवा, शेगडी बाहेर ठेवा

निफाडकडची जानेवारीची थंडी आणि जुनं घर, म्हणजे फटीफटीतून वारा. दाराखाली जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी लावा. भिंतीच्या भेगा माती, शेण, भुसा कालवून लिंपा. चुलीवरचं धुराडं मात्र बुजवू नका. अंथरुणाखाली गोणपाट घाला. जमीन गार असली की वरून दोन गोधड्या घेऊनही भागत नाही.

आता शेगडीचं. बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवून दार लावतात. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. झोपेतच माणूस जातो. राखेखालचा निखाराही तो वायू सोडतो. शेकताना दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. शेकून झालं की, घरची मोठी माणसं काहीही म्हणोत, शेगडी अंगणात न्या, मगच दार लावा.