आधी उतारा, मग उत्तर



मोताळ्याहून राजूर घाट चढून
बुलढाण्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आजचा भाग.

एमबीएला जायचं, तर राज्याची सीईटी आहे.
अडीच तास, २०० प्रश्न.
गणित आपली पोरं रेटून नेतात.
अडतात ती इंग्रजीच्या उताऱ्यापाशी.
मग शब्दांच्या याद्या पाठ करतात.
माझ्या मते, त्यात वेळच फार जातो.

आधी उतारा समजून घ्या.

समजा, उतारा ठिबक सिंचनाचा आहे.
लेखक आधी कौतुक करतो.
पाणी वाचतं, पीक वाढतं.
मग येतो 'हाउएव्हर'.
आणि लेखक म्हणतो,
हा खर्च छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही.

इथे थांबा.
त्याला सांगायचंय, ते हेच.

प्रश्न येतो, लेखकाचं मुख्य म्हणणं काय?
आता पर्याय बघा.
'ठिबकने पाणी वाचतं.'
खरं आहे, पण अर्धंच.
'छोटे शेतकरी ठिबक कधीच वापरत नाहीत.'
असं लेखक बोललाच नाही.
दोन्ही खोडा.

पुन्हा सांगतो.
आधी उतारा, मग उत्तर.

रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचा.
पेपर मिटा.
लेखक काय म्हणाला, ते आजीला मराठीत सांगा.
आजी प्रश्न विचारेलच.
उत्तर देता आलं नाही, तर पुन्हा वाचा.

आणखी एक.
सीईटीत उत्तर चुकलं, तरी गुण कापत नाहीत.
म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.
आयआयएमच्या कॅटचं तसं नाही.
तिथे बहुपर्यायी प्रश्न चुकला, की १ गुण जातो.
तिथे अंदाजपंचे नको.