गीझर, पंप आणि उजनी

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. तो पुण्यात बाराव्या मजल्यावर राहतो आणि विचारतो, ‘पाणी वाचवलं तर पंपाची वीज किती वाचेल?’

इंजिनियरला असं काही विचारलं की तो कॅल्क्युलेटर उघडतोच. बारा मजले म्हणजे साधारण 36 मीटर. एवढ्या उंचीवर 1,000 लिटर पाणी चढवायला जेमतेम 0.1 युनिट लागतं. पंप काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो, पाइपातही थोडं वाया जातं, म्हणून दुप्पट धरू. 0.2 युनिट. बस्स!

आता शॉवर घ्या. मिनिटाला 10 लिटर, दहा मिनिटं, म्हणजे 100 लिटर. हे पाणी 25 अंशांवरून 40 पर्यंत न्यायला लागतात जवळपास 1.75 युनिट. म्हणजे तुमच्या एका आंघोळीच्या विजेत 8,000 लिटरपेक्षा जास्त पाणी बाराव्या मजल्यावर चढलं असतं. पाणी उचलणं स्वस्त असतं, तापवणं महाग. वीस लिटरच्या बादलीला हेच गणित लावलं तर 0.35 युनिट येतं. आजी बादली-तांब्याचा आग्रह धरते ना, तिचं गणित पक्कं आहे.

आणि गीझर दिवसभर चालू ठेवू नका हो. टाकीतलं पाणी हळूहळू निवतं, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवतो, आणि तुम्ही तेव्हा ऑफिसात असता. थर्मोस्टॅट 60 वरून 50 वर आणला तरी फरक पडतो.

त्या श्रोत्यानं न विचारलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे पाणी मोरीतून गेल्यावर कुठे जातं?

पुण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतून येतं: पानशेत, वरसगाव, टेमघर. घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, असं नियोजनात धरतात. ते सगळंच शुद्ध होत नाही. उरलेलं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर तिथे जलपर्णी आणि शेवाळ पोसतं. आणि सोलापूर शहराचा मोठा आधार हीच उजनी!

माझी मावशी सोलापुरात राहते. तिच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि येण्याची वेळ सगळ्या गल्लीला तोंडपाठ असते. मी एकदा फोनवर तिला पुण्याच्या ट्रॅफिकची तक्रार करत होतो. ती म्हणाली, ‘थांब रे, नळ आलाय,’ आणि फोन ठेवला. नंतर तासभर उचललाच नाही. मी पुण्यात जे मोरीत ओततो, त्यातलं काही तिच्या पिंपाच्या वाटेवर जातं, हा विचार मला तरी सुखाचा वाटत नाही.

सांडपाणी शुद्ध करायलाही वीजच लागते. एसटीपीत जिवाणूंना ऑक्सिजन मिळावा म्हणून ब्लोअर तासन् तास हवा सोडतात, आणि बऱ्याच प्लांटमध्ये सगळ्यात जास्त वीज तीच खाते. तुम्ही तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलंत तर पाइप तुंबतो आणि त्या जिवाणूंचं कामही अवघड होतं. तेल बाटलीत गोळा करा. डिटर्जंटही फेसाच्या हौशीनं टाकू नका. अर्ध्या मापात कपडे निघतात का, एकदा बघा तरी.

जाता जाता आरओबद्दल. घरगुती आरओ एक लिटर प्यायचं पाणी देताना दोन-तीन लिटर सहज बाहेर टाकतो. टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच सरकारला सांगितलं होतं. खडकवासल्याचं पाणी तर चांगलंच मऊ आहे, तिथे यूव्ही पुरतो. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. टीडीएस मीटर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. सोसायटीत एक घ्या, सगळ्यांनी फिरवा. आरओ लागतच असेल तर त्याचं फेकलं जाणारं पाणी बादलीत घ्या, फरशीला चालतं.

पुढच्या भागात आपण एका सोसायटीच्या एसटीपीत उतरतोय. तिथले ऑपरेटर काका बोलायला तयार झालेत, फक्त म्हणाले, ‘वासाची तक्रार करायची नाही.’ त्यांना काय विचारायचं ते शुक्रवारपर्यंत व्हॉइस नोटनं पाठवा.