मुलांचें लक्ष जातें कोठें?
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



वर्गांत मुलें लक्ष देत नाहींत, ही तक्रार शाळेंतून घरीं येते आणि घरून पुन्हा शाळेकडे जाते. शिक्षक म्हणतात, घरीं वळण नाहीं. आईबाप म्हणतात, शाळेंत नीट शिकवीत नाहींत. मुलाला मात्र कोणी विचारीत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, जागें असलेल्या मुलाचें लक्ष कोठें ना कोठें असतेंच. तें पाठाकडे कां येत नाहीं, हें शोधणें मोठ्यांचें काम आहे.

पहिलें कारण भाषेचें. आपल्या वसईंत कित्येक घरीं सामवेदी, तर कित्येक घरीं वाडवळी बोलतात. तीन वर्षांचें मूल त्या बोलींत प्रश्न विचारून आजीला भंडावून सोडतें. तेंच मूल परक्या भाषेच्या वर्गांत बसतांच मुकें होतें. यांत नवल तें काय? मिस्सा लॅटिनमध्यें होत असे तेव्हां आपले वाडवडील भक्तिभावानें गुडघे टेकीत, पण पुष्कळांच्या हातांत त्या वेळीं जपमाळ फिरत असे. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेला वाट मोकळी केली. जें मोठ्यांस मिळालें, तें लहानांस कां मिळूं नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें, असें सुचविलें आहे. इंग्रजी शिकवूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु समजण्याचा आरंभ घरच्या शब्दापासून व्हावा.

दुसरें कारण झोपेचें. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. रात्रीं उशिरापर्यंत मोबाईल हातांत आणि सकाळीं सात वाजतां शाळा. मग तें मूल फळ्याकडे कसें पाहील?

यावर उपाय आपल्याच जिल्ह्यांत घडून गेला आहे. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडला वारली मुलांना गुरें राखावीं लागत, म्हणून कुरणांत शाळा भरविली. मुलांना दोष देत न बसतां त्यांनीं पाठच मुलांजवळ नेला.

आपणांस आमची विनंती एवढीच. घरीं आलेल्या मुलास ‘किती गुण मिळाले?’ असें विचारण्याआधीं ‘आज काय समजलें नाहीं?’ असें त्याच्याच बोलींत विचारावें. रात्रीं जेवणानंतर मुलांचा मोबाईल बाजूस ठेवावा, आणि त्याबरोबर आपलाहि. शिक्षकबंधुभगिनींनीं मुलाच्या घरच्या शब्दास हंसूं नये. त्याचाच आधार घेऊन नवा शब्द शिकवावा. एवढें मनापासून झालें, तर ही तक्रार घेऊन येणारे पुढच्या वर्षीं पुष्कळ कमी असतील, अशी आम्हांस आशा वाटते.