काडी, कातडे आणि खनिज तेल



अंबरनाथ हे नाव शके 982 मधील शिलाहारकालीन शिवमंदिराने विद्वानांपर्यंत पोहोचविले, पण घराघरांतील चुलीपर्यंत ते नेले आगपेटीने. 1923 साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा कारखाना या गावी दीर्घकाळ चालला. देवापुढील निरांजन ज्या काडीने पेटते ती जरा निरखून पाहावी. ज्वाला लाकडाला नीट लागावी म्हणून काडी पॅराफिन मेणात बुडविलेली असते, आणि ते मेण खनिज तेलातून निघालेले. तिचे गुल घट्ट धरून ठेवणारा सरस मात्र परंपरेने जनावरांच्या हाडाकातड्यांचा.

असा सरसच नव्हे, तर दूध, मध, लोकर, रेशीम, चामडे अशी प्राण्यांपासून मिळणारी प्रत्येक वस्तू वर्ज्य मानणाऱ्या जीवनपद्धतीला ‘व्हीगन’ हे नाव 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. या व्रतामागील करुणेविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्याच्या एका उपेक्षित अंगाकडे लक्ष वेधणे मी कर्तव्य समजतो. चामड्याची चप्पल गेली की बहुधा रेक्झिनची येते, लोकरीचा स्वेटर गेला की अ‍ॅक्रिलिकचा येतो, आणि या दोहोंचे मूळ खनिज तेलात असते. अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म तंतू प्रत्येक धुण्यागणिक पाण्याबरोबर वाहत जाऊन मासळीच्या पोटात शिरतात. अंबरनाथच्या मंदिरालगतच्या वालधुनी नदीची जी दैना कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि प्लास्टिकच्या कचऱ्याने झाली आहे, ती या भागातील कोणासही सांगावयास नको. उकिरड्यावर शिळ्या अन्नासह पिशवी गिळणाऱ्या गाईच्या पोटात ते प्लास्टिक ना पचते, ना रवंथाला वर येते. ते साचत जाते आणि भरल्या पोटी ती उपाशी मरते. जिच्या दुधावरील हक्क आपण करुणेने सोडला, तिचा हा अंत हिशेबाच्या कोणत्या सदरात मांडावयाचा?

या हिशेबाची एक निराळी रीतही होती. वर्ध्याजवळ नालवाडी येथे, गांधीजींच्या प्रेरणेने आणि गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चाललेल्या चर्मालयात, नैसर्गिक मरणाने मेलेल्या गुरांचे कातडे कमावले जाई. या वस्तूपायी जीव घेतला गेला काय, ही तेथील कसोटी. वस्तू प्राण्यापासून आली काय, एवढेच विचारण्यापेक्षा मला ती अधिक सखोल वाटते. ज्यांना तेही चामडे नको, त्यांनी सुती कॅनव्हासचा आणि झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरी तळाचा जोडा दुकानदाराकडे आग्रहाने मागावा. आणि घरात आधीपासून असलेली रेक्झिनची चप्पल, तिचा अंगठा तुटला तरी, शिवून घेऊन पार झिजेपर्यंत वापरावी.